तारीख ठरण्याआधी घराची तयारी

प्रश्न : अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली असून छातीखालच्या भागात हालचाल आणि संवेदना राहिलेली नाही. शहरातल्या रुग्णालयातून पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज मिळणार आहे. आमचे गाव तिथून बरेच लांब आहे आणि गावात डॉक्टर रोज नसतात. घरी नेण्याआधी आम्ही काय मागून घ्यावे?

उत्तर : डॉक्टर, वॉर्डमधल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी एकत्र बोलण्याची वेळ मागा, आणि त्या वेळी तुमच्या भावालाही आधी बोलू द्या. रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याच्याविषयी नातेवाइकांशीच बोलण्याची रीत चुकीची आहे. त्याचे हात नीट चालत असतील, तर बरीचशी निगा तो स्वतःच राखू शकेल.

घरी जी कामे करायची आहेत, ती त्याने आणि तुम्ही सिस्टरच्या देखत स्वतःच्या हाताने केल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. नुसते ऐकून मान डोलावणे पुरेसे नाही. ठरवून दिल्याप्रमाणे, बहुधा दर चार ते सहा तासांनी, कॅथेटरने (मूत्राशयात घालायच्या नळीने) लघवी काढणे, बिछान्यात साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, आणि खुर्चीत बसल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलणे, ही त्यातली मुख्य कामे. माकडहाड, नितंब आणि टाचा रोज तपासाव्या लागतील. दाबूनही फिका न पडणारा लाल डाग ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब राहून पडणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. सावळ्या कातडीवर मात्र लाली दिसेलच असे नाही, त्यामुळे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागते का, हे हात लावून पाहायला शिकून घ्या.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर आणखी एक धोका संभवतो. मूत्राशय तुंबल्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी फार वाढतो, डोके ठणकू लागते आणि दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब ताठ बसवून, घट्ट कपडे सैल करून लघवी अडली आहे का, हे पाहायचे असते, आणि तेवढ्याने उतार पडला नाही तर तातडीने उपचार लागतात. हे रुग्ण गावाकडच्या डॉक्टरांच्या पाहण्यात क्वचित येतात, म्हणून ही माहिती डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून मागा. कोणती औषधे बंद केली आणि का, हेही त्यावर असू द्या.

दारांची आणि शौचालयाची मापे, उंबऱ्याचे फोटो आताच फिजिओथेरपिस्टना दाखवा. पंधरा सेंटिमीटर उंचीची पायरी असेल, तर चाकांच्या खुर्चीसाठी सुमारे एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो आणि तो एका दिवसात होत नाही. घर तयार नसेल, तर तारीख पुढे ढकलण्याची विनंती लेखी करा. तिथे संकोच नको: आरोग्यसेवा ग्रामीण भागासह लोकांच्या शक्य तितक्या जवळ मिळावी, असे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या कराराच्या पंचविसाव्या कलमातच म्हटले आहे.

शेवटी, अडचण आल्यास नेमका कोणाला फोन करायचा, ते नाव आणि क्रमांक लिहून घ्या, आणि पुढच्या तपासण्यांपैकी कोणत्या फोनवर भागतील व कोणत्यांसाठी प्रवास करावाच लागेल, हे निघण्याआधी ठरवून घ्या.