रंगावर जाऊ नका

दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत मिळणारे पांढरे, पारदर्शक स्फटिक नवख्याला सगळे क्वार्ट्झच (गारगोटी) वाटतात. रंग फसवा असतो. अपोफिलाइट हे याच पोकळ्यांतलं एक खनिज पाण्यासारखं नितळ मिळतं तसं हिरवंही मिळतं.

आधी कठीणपणा बघा. पोलादी चाकूचं टोक (मोस मापनावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर, साधारण 5.5) नमुन्याच्या मागच्या बाजूला ओढा, देखण्या टोकावर नको! क्वार्ट्झ (7) दाद देत नाही, उलट त्यावर पोलादाचीच करडी रेघ उमटते. तिला ओरखडा समजू नका. पुसून नखाने चाचपा, खाच लागते का ते कळेल. कॅल्साइट हे चुनखडीचं खनिज (3) चटकन ओरखडतं, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा.

अपोफिलाइट 4.5 ते 5, म्हणजे चाकूला जोर लागतो. तिथे पाटन, म्हणजे खनिज ठरावीक सपाट पातळ्यांवर सुटण्याची रीत, बघितलेलं बरं: अपोफिलाइट एकाच दिशेने सपाट सुटतं आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. कॅल्साइट तीन दिशांनी, तिरक्या ठोकळ्यांत तुटतं. क्वार्ट्झला असं पाटन नाहीच, ते काचेसारखं वेडंवाकडं फुटतं.

कस, म्हणजे खनिज खडबडीत चिनीमातीवर घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग, बघायच्या भानगडीत इथे पडू नका, या सगळ्यांचा पांढराच. हेमटाइट (लोखंडाचं खनिज) मिळालं तर जरूर बघा, तांबडी रेघ येते.