उपमानाला स्वतःचे मत असते का?

इंग्रजी कादंबरीच्या अनुवादाला हात घातलेल्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. इंग्रजी कथासाहित्यातील रूपके चांगले मत सांगणारी, वाईट मत सांगणारी आणि कोणतेच मत न सांगणारी अशा तीन गटांत मांडली जातात. तर मग साप म्हणजे निंदा, परी म्हणजे स्तुती, असा एखादा कोश करता येईल का, हा पहिला प्रश्न. मत सांगायचेच नसेल तर रूपक वापरण्याची गरज काय, म्हणजेच तटस्थ रूपक ही वस्तू खरोखर असते का, हा दुसरा. आणि ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ यांना या संदर्भात मराठीत काय म्हणावे, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो: असा कोश होणार नाही. कोणी केलाच, तर पहिल्याच चांगल्या कादंबरीत तो तोंडघशी पडेल. निवाडा उपमानात, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली त्या वस्तूत, भरून ठेवलेला नसतो. उपमानाच्या दहा गुणांपैकी नेमका कोणता गुण वाक्याने उचलला आहे आणि ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एमिली ब्राँटे हिच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या 1847 सालच्या कादंबरीत आहे. नवव्या प्रकरणात नायिका कॅथरीन आपली दोन प्रेमे घरातल्या नोकर नेलीसमोर शेजारी शेजारी ठेवते. एडगर लिंटनवरचे प्रेम रानातल्या पालवीसारखे आहे, हिवाळा आला की झाडे बदलतात तसे तेही काळाने बदलेल. हीथक्लिफवरचे प्रेम मात्र त्या रानाखालच्या सनातन खडकांसारखे आहे, दिसायला त्यात फारसे सुख नाही, पण त्यावाचून चालणार नाही. एरवी पालवी हे सुखद उपमान आणि खडक हे रुक्ष. येथे पारडे नेमके उलटे झाले आहे, कारण वाक्याने पालवीचा टवटवीतपणा सोडून तिचे गळून पडणे घेतले आणि खडकाचा कोरडेपणा कबूल करूनही त्याचे टिकणे घेतले. आता लगेच पुढचे, दहावे प्रकरण पाहावे. एडगरची बहीण इझाबेला हीथक्लिफवर भाळली आहे आणि तिला शुद्धीवर आणण्यासाठी तीच कॅथरीन, त्याच नेलीसमोर, त्याच माणसाचे वर्णन करते: काटेरी झुडपे आणि काळा टणक दगड यांचे वैराण रान. दगड दोन्हीकडे आहे, माणूस तोच आहे, बोलणारीही तीच आहे. बदलला आहे तो ऐकणारा कान आणि बोलण्यामागचा हेतू, आणि तेवढ्याने पायाचा दगड नापीक जमिनीतला दगड झाला. कोशात ‘खडक’ या शब्दापुढे आपण काय लिहिणार?

हे कसे घडते, ते समजायला आपल्या शाळेतल्या व्याकरणाची चार नावे पुरेशी आहेत: उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते), उपमान, साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘जसा’). इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 साली इंग्रजीत ‘टेनर’, ‘व्हीइकल’ आणि ‘ग्राउंड’ ही नावे रूढ केली, तेव्हा पहिल्या तिघांची त्या भाषेत नव्याने सोय झाली इतकेच. उपमेत चारही घटक उघड सांगता येतात. रूपकात ‘सारखा’ गळतो आणि बहुधा साधारण धर्मही गळतो. तो गळलेला धर्म वाचकाला स्वतः शोधावा लागतो आणि त्या शोधातच मत गळी उतरते. लेखकाने ‘हा माणूस वाईट’ असे लिहिले असते तर आपण पुरावा मागितला असता. रूपकातला दोष मात्र आपणच शोधून काढलेला असतो, म्हणून त्यावर आपण वाद घालत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या साम्यावर बेतलेल्या लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचे, जे जुने उदाहरण घेतले आहे, तेही गंमत म्हणजे शिवीचेच आहे: ‘गौर्वाहीकः’, म्हणजे वाहीक प्रांतातला माणूस बैल आहे. तेथे बैलाचे मांद्य घेतले आहे. इंग्रजीत बैलासारखा म्हटले की आधी अंगातली ताकद आठवते, आणि आपल्याकडे माना डोलावणारा नंदीबैल वेगळाच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मम्मटाकडेच सापडते आणि मला ते आधुनिक परिभाषेपेक्षा नेटके वाटते. लक्षणा दोन कारणांनी होते, रूढीने किंवा प्रयोजनाने. ‘कुशल’ या शब्दाचा मूळ अर्थ कुश नावाचे गवत खुडून आणणारा असा सांगतात. हाताला न कापता ते धारदार गवत खुडायला निपुणता लागते, म्हणून कुशल म्हणजे निपुण. आज ‘कुशल कारागीर’ म्हणताना गवत कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. ती रूढी झाली. उलट ‘गंगेवर गवळीवाडा’ असे म्हणणाऱ्याला ‘गंगेच्या काठावर’ म्हणता येत असूनही त्याने तसे म्हटले नाही, कारण गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्याला वाड्यापर्यंत पोचवायचे आहे. ते प्रयोजन, आणि ते व्यंजनेने, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाने, कळते. तटस्थ रूपक म्हणजे बहुतेक वेळा प्रयोजन झिजून गेलेले, रूढीवर चालणारे रूपक. टेबलाचा पाय, नदीचे मुख, बाटलीचा गळा यांत कोणी कोणाला नावे ठेवत नाही. इंग्रजीत सुईला डोळा असतो, मराठीत नेढे असते, आणि राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या कातळातल्या आरपार भोकालाही आपण नेढेच म्हणतो. त्यात स्तुती नाही, निंदा नाही, केवळ आकार आहे.

तथापि कादंबरीत तटस्थ रूपकावर फार विश्वास ठेवू नये, कारण चांगला लेखक झोपलेले रूपक जागे करतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये (1854) गिरणी कामगारांना सर्रास ‘हँड्स’ म्हटले आहे. हा त्या काळच्या इंग्रजीतला रोजचा शब्द. हजेरीपटावर लिहावा तसा कोरडा. काटेकोरपणे पाहिले तर हे रूपक नव्हे, कारण येथे साम्य नसून अवयवाने माणूस सुचवला आहे, परंतु लक्षणा ती लक्षणाच. डिकन्स हा शब्द मोठ्या अक्षराने लिहितो आणि मग एका वाक्यात त्याचा अक्षरशः अर्थ घेतो: विधात्याने या लोकांना केवळ हात म्हणून, किंवा समुद्रकाठच्या क्षुद्र जीवांप्रमाणे केवळ हात आणि पोट म्हणून घडवले असते, तर काही लोकांना ते अधिक पसंत पडले असते. या वाक्यानंतर तो शब्द पुन्हा कोरडा राहत नाही. आणि निवाडा कोणावर झाला? कामगारांवर नाही, ज्यांना हा शब्द सोयीचा वाटतो त्यांच्यावर.

याच कादंबरीतल्या कोकटाउन या गिरणगावात स्तुतीच्या रूपकाचे काय होते, ते तर अनुवादकाने दोनदा वाचावे असे आहे. रात्री दिवे लागलेल्या गिरण्या पऱ्यांच्या महालांसारख्या दिसत, असे डिकन्स दहाव्या प्रकरणात लिहितो आणि लगेच जोडतो, की निदान जलद गाडीतून जाणारे प्रवासी तसे म्हणत. उपमान शंभर नंबरी सुंदर आहे. पण ते कोणाचे आहे? खिडकीतून घटकाभर पाहून पुढे निघून जाणाऱ्याचे. पुढच्याच प्रकरणाच्या आरंभी पऱ्यांचे महाल पुन्हा उजळतात, पण आता प्रवाशांचे नाव नाही आणि ‘सारखे’ही नाही, त्याच वाक्यात फिकट पहाट गावावर सरपटणारे धुराचे प्रचंड सर्प दाखवते आणि फरसबंदीवर लाकडी तळांच्या बुटांचा खडखडाट सुरू होतो. महाल हा शब्द लेखकाने मागे घेतलेला नाही. तो तसाच ठेवून त्याची उपरोधाने माती केली आहे. अशा ठिकाणी अनुवादात प्रवाशांचे ते छोटेसे वाक्यांग ओघासाठी गाळले, तर उपरोध जातो आणि डिकन्स गिरण्यांचे कौतुक करतो आहे असे वाटू लागते.

हत्तीची गोष्टही तशीच. पाचव्या प्रकरणात वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या खिन्नतेने वेड लागलेल्या हत्तीच्या डोक्यासारखा एकसुरी वरखाली होतो, अशी पुरी उपमा येते. अकराव्या प्रकरणापर्यंत ‘सारखा’ गळून इंजिने थेट खिन्न वेडे हत्तीच झालेली असतात, दिवसाच्या कंटाळवाण्या कामासाठी घासूनपुसून, तेल घालून सज्ज केलेले. मराठी वाचकासाठी हत्ती म्हणजे ऐश्वर्य, गणपती, अंबारी. वेडा हत्ती म्हटले तर मदमस्त, पिसाळलेला, माहुताला न जुमानणारा. डिकन्सला यांतले काहीच नको आहे. साखळदंडाने खांबाला बांधलेला हत्ती तासन्‌तास एका लयीत मान हलवत राहतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला नेमका धर्म कळेल: शक्ती अफाट आणि तिला जायला वाट नाही. म्हणून ‘मत्त’ हा हाताशी असलेला शब्द येथे घातक आहे. ‘खिन्नतेने खुळावलेला हत्ती’ असे काहीसे ओबडधोबड म्हणावे लागले तरी चालेल.

कधी कधी निवाडा बदलायला लेखक चित्र बदलत नाही, फक्त वाचकाला त्यात आणखी आत नेतो. जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (1871–72) तरुण डोरोथिया वयस्क पंडित कॅसॉबन यांच्या बुद्धीकडे आदराने पाहते, तेव्हा त्यांच्या नियोजित ग्रंथाचा पसारा तिला भुलभुलैयासारखा आणि म्हणूनच आकर्षक वाटतो. लग्नानंतर रोममध्ये तिला उमगते, की पतीच्या मनात ज्या विस्तीर्ण दृश्यांची आणि मोकळ्या हवेची आपण आशा केली होती, त्यांच्या जागी कोठेच न पोचणारे बाहेरचे दिवाणखाने आणि वळणावळणांचे बोळ आहेत. भुलभुलैया तोच, पूर्वी ती दाराबाहेर होती, आता आत आहे.

जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये (1899) नोकरी देणाऱ्या कंपनीचे कार्यालय असलेले शहर कथा सांगणाऱ्या मार्लोला नेहमी पांढऱ्या रंगवलेल्या कबरीसारखे वाटते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात ढोंगी धर्मगुरूंना हीच उपमा दिली आहे, बाहेरून देखणी, आत हाडे, हे ठाऊक असलेल्यालाच यातली निंदा पूर्ण ऐकू येते. मराठीत ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ मनात येते, पण त्याने प्रेताचा वास जातो. आणि ‘चुना लावलेली कबर’ म्हणावे तर आपल्याकडे चुना लावणे म्हणजे निराळाच उद्योग.

आता तिसरा प्रश्न. ‘सकारात्मक रूपक’ आणि ‘नकारात्मक रूपक’ हे शब्द मी वापरत नाही, कारण मराठीत नकाराचा संबंध आधी ‘नाही’शी जोडला जातो आणि नकारार्थी वाक्याची आठवण होते, एखाद्याला लांडगा म्हणण्यात नकार कोठेच नाही. ‘स्तुतिव्यंजक’, ‘निंदाव्यंजक’ आणि ‘तटस्थ’ ही नावे मला बरी वाटतात, कारण मत वाच्यार्थात नसून व्यंजनेत आहे हे त्यांत आपोआप सांगितले जाते. ‘जजमेंट’ या शब्दाबाबत मात्र एक सावधगिरी हवी. भाषाशास्त्रज्ञ जे. आर. मार्टिन आणि पी. आर. आर. व्हाइट यांच्या 2005 सालच्या मूल्यमापनविषयक मांडणीत हा शब्द माणसांच्या वर्तनाविषयीच्या मतापुरता राखलेला आहे. वस्तू आणि कलाकृती यांच्याविषयीचे मत आणि भावना यांना तेथे वेगळी नावे आहेत. त्या परंपरेतला लेख वाचत असाल तर ‘वर्तनाचा निवाडा’ म्हणावे. एरवी नुसते ‘मत’ पुरते.

हीथक्लिफच्या दगडांचे मराठीत काय करावे, तेही सांगून टाकतो, कारण येथे आपली भाषा श्रीमंत आहे. गोविंदाग्रजांनी महाराष्ट्राला ‘दगडांच्या देशा’ म्हणून गौरवले तेव्हापासून, खरे तर त्याच्या कितीतरी आधीपासून, आपल्याकडे दगडाला पाषाण, कातळ, खडक, गोटा, धोंडा अशा मानाच्या आणि अपमानाच्या पायऱ्या आहेत. भूशास्त्राप्रमाणे पाहिले तर दहाव्या प्रकरणातला काळा टणक दगड सह्याद्रीच्या कातळाचा भाऊबंद निघेल. पण कातळ म्हटले की आपल्याला कणखरपणा आठवतो आणि इझाबेलाला दिलेला इशारा हीथक्लिफच्या शिफारशीसारखा वाटू लागतो. म्हणून मी ‘कातळ’ नवव्या प्रकरणातल्या सनातन खडकांना देईन आणि दहाव्यात ‘काट्याधोंड्यांचे माळरान’ असे लिहीन.