पहिल्या कॅम्पला मॅन्युअल फिल्म कॅमेरा नेताय?

छान ठरवलंत! ५० मिमीची एकच लेन्स आणि ४०० आयएसओचा (म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ३६ फोटोंचा रोल पुरे. लख्ख उन्हात एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) आणि शटर १/५०० सेकंद, सावलीत शटर तेच, फक्त एफ/५.६. सुरुवातीला एवढं गणित बास.

नवख्यांच्या हमखास चुका:

- रोल नीट न अडकवणं. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) खुंटी फिरतेय ना, बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकतच नाहीये. माझा अख्खा रोल असा कोरा निघाला. लेकीने स्वतः उभारलेल्या पहिल्या तंबूचा फोटो त्यात गेला. अजून हळहळ वाटते.
- मुलांना ‘हलू नका’ म्हणणं. एफ/८ ठेवा, फोकस ३ मीटरवर लावा, ती खेळत तिथे आली की बटण दाबा.

फिल्टर, डेव्हलपिंग नंतर बघू. शेकोटीपाशी मात्र लेन्स पूर्ण उघडून (सगळ्यात लहान एफ आकडा), कॅमेरा दगडावर टेकवून १/१५ सेकंदाने एक फोटो घ्याच.