चढावर ऑईलचा दिवा लुकलुकला, आता काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार. माझ्याकडे जुनी डिझेल फोर बाय फोर आहे. परवा एका उभ्या चढावर अडकलो, चाकं जागेवरच फिरत होती आणि मी रेस दाबूनच धरली होती, तेवढ्यात ऑईलचा लाल दिवा दोनतीनदा लुकलुकला. खाली सपाटीला आल्यावर गेला तो परत लागलाच नाही. डिपस्टिकवर ऑईल दोन खुणांच्या मधोमध आहे. मित्र म्हणतात सेन्सर गेला असेल, सोडून दे. खरंय का?

उत्तर : नाही, आणि कृपा करून सोडून देऊ नका. सेन्सरच गेला असता तर सपाटीलाही कधीतरी लागला असता. तुमचा नेमका चढावर लागला, म्हणजे इंजिनातल्या ऑईल पंपाने ऑईलऐवजी हवा ओढली असणार असंच धरून चाला. परातीत थोडं पाणी घेऊन एक कड उचलून बघा, सगळं पाणी दुसऱ्या कडेला जातं आणि मधला तळ कोरडा पडतो. इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑईल साठतं त्या भांड्यात, हेच होतं. पंपाची जाळी चेंबरच्या खोल भागात असते, तो खोलगा पुढे असेल तर चढावर ऑईल मागे पळतं आणि जाळी उघडी पडते, मागे असेल तर चढ निभावतो पण उतारावर अडचण. तुमच्या गाडीत कुठे आहे ते खाली वाकून एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

त्यात तुम्ही रेस दाबून धरलीत. रेस जास्त म्हणजे पंप ऑईल भराभर वर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) फेकतो आणि गाडी तिरकी असली की ते परत खाली यायला वेळ लागतो, काही हेडच्या मागच्या कोपऱ्यातच साचून राहतं. म्हणजे चेंबरमध्ये आधीच अर्धवट ऑईल, त्यातलं बरंच वर अडकलेलं आणि उरलेलं एका कडेला. माझं तर स्पष्ट मत आहे की नुसत्या चढाने जेवढी इंजिनं जातात त्याहून जास्त चढावर अडकून रेस दिल्याने जातात.

दिव्यावर विसंबू नका हे तर मी प्रत्येकाला सांगतो. बऱ्याच गाड्यांत तो ऑईलचं प्रेशर ५-७ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास उतरल्यावरच लागतो, आणि मेकॅनिकांचा जुना हिशोब आहे की गरम इंजिनाला दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय हवं. मग २५०० ला दिवा लागला तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) किती उपाशी होता बघा! क्रँक बेअरिंगवर टेकलेला नसतो, केसापेक्षा कितीतरी पातळ अशा ऑईलच्या थरावर तरंगत असतो, तो थर गेला की धातूवर धातू. माझ्या एका इंजिनाचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) खोललं तेव्हा वरचा राखाडी मुलामा मधोमध पुसला जाऊन खालचं तांबं चकाकत होतं, नख फिरवलं तर ओरखडे लागत होते. आणि त्या दिवशी गाडी घरी स्वतःच्या चाकांवर आली होती, काही आवाज नाही, टकटक पुढे काही दिवसांनी सुरू झाली.

म्हणून आत्ता ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला, जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात उघडून बघा. तांबूस किंवा चंदेरी कण दिसले तर चेंबर उतरवून बेअरिंग बघायलाच हवं. चुंबक लावून खात्री करू नका, बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही.

पुढच्या वेळी दिवा लागला की आधी रेस सोडा. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) दिवा गेला तर फोर लो (चारही चाकांचा सगळ्यात हळू, ताकदीचा गिअर), रिव्हर्स गिअर, क्लच न दाबता सरळ मागे उतरा, गाडी आडवी अजिबात करू नका. दिवा जातच नसेल तर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, चाकांना मागून दगड आणि मग विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र).

प्रश्न : ऑफरोडला जाताना एक लिटर ऑईल जास्त टाकलं, किंवा जाड ऑईल वापरलं तर हा त्रास टळतो का? की चेंबरमध्ये काही बसवून घ्यावं?

उत्तर : एक लिटर नको. सपाटीवर गाडी उभी करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा. खूप गाड्यांत दोन खुणांमध्येच जवळजवळ एक लिटरचा फरक असतो, तेवढ्यानेच पुष्कळ काम होतं. खूप वर भरलं तर क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो, आणि पंपाला पुन्हा हवाच मिळते. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑईल इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाईपात, गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर पळत सुटतं आणि चावीने बंद होत नाही. जाड ऑईलचा इथे उपयोग नाही, उलट ते हेडमधून आणखी हळू खाली येतं.

खर्च करायचाच तर पहिला खऱ्या ऑईल प्रेशर गेजवर, तोही नजरेसमोर. मग चेंबरमध्ये जाळीभोवती आडव्या पट्ट्या, त्यांना एकाच बाजूने उघडणारी छोटी दारं असली तर उत्तम, ऑईल जाळीकडे येतं पण परत पळू शकत नाही. त्यापुढे प्रेशरखाली ऑईल साठवणारं नळकांडं मिळतं, मुख्य प्रेशर पडलं की ते काही सेकंद इंजिनाला पुरवठा करतं. ड्राय सम्पची, म्हणजे ऑईल इंजिनाबाहेर वेगळ्या टाकीत ठेवण्याच्या रचनेची, गरज हौशी माणसाला सहसा पडत नाही. हा प्रश्न जुनाच आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ऑईलवर तरंगणारी जाळी होती, ऑईल जिकडे सरकेल तिकडे ती वर-खाली व्हायची.

प्रश्न : गाडी कुशीवर पडली होती, सरळ केल्यावर लगेच स्टार्ट मारावी का?

उत्तर : अजिबात नाही, विशेषतः डिझेल. पिस्टनवर ऑईल साचलेलं असू शकतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वाकतो. ग्लो प्लग काढा (पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग), डिझेलचा पुरवठा बंद करा आणि आधी क्रँक पान्याने हाताने फिरवा, मग स्टार्टरने. तोंड बाजूला ठेवा, भोकांतून ऑईल जोरात उडतं. इनटेकच्या पाईपांमध्ये गेलेलं ऑईलही पुसून काढा. मग प्लग लावा, डिपस्टिक बघून कमी झालेलं ऑईल भरा आणि त्यानंतरच स्टार्ट मारा.