अ‍ॅप बनवण्याआधी नुसत्या ‘डिस्कव्हरी’साठी ४ लाख रुपये द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकचे, खासगी क्लासेससाठी हजेरी आणि फी-वसुलीचं अ‍ॅप काढायचंय. पुण्यातल्या एका कन्सल्टिंग कंपनीनं सहा आठवड्यांच्या ‘प्रॉडक्ट डिस्कव्हरी आणि व्हॅलिडेशन’साठी, म्हणजे नेमकं काय बनवायचं आणि ते लोकांना हवंय का हे आधी शोधण्यासाठी, ४ लाख अधिक जीएसटी असं कोटेशन दिलंय. ओळखीतला एक डेव्हलपर ९ लाखांत अख्खं अ‍ॅप करून देतो म्हणतोय. आणि तुम्ही विचारताय, कोडची एक ओळही न लिहिता हे ४ लाख कशाचे?

मी हेच काम करतो, सल्ल्याचं, पुण्यातच, गेली आठ वर्षं. त्यामुळे माझ्या उत्तरात माझा धंदा मिसळलेला आहे हे धरूनच वाचा. तरी सांगतो, आत्ता देऊ नका. (१८ टक्के जीएसटी धरला की ते ४ लाख ७२ हजार होतात. कोटेशन वाचताना ही शेपटी हमखास विसरली जाते.) पण ९ लाखांचं कामही इतक्यात सुरू करू नका.

सल्ला विकायला लागण्याआधी मी स्वतः एक प्रॉडक्ट बुडवलंय. २०१५ साली मी आणि एका मित्रानं दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप काढलं. शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि त्या दिवसाची रक्कम त्याच्या मोबाइलवर एसएमएसनं जाणार, दहा दिवसांचं बिल आपोआप तयार होणार. ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणाले, झकास. साडेसात लाख घातले. त्यातले तीन मित्राच्या वडिलांचे होते.

पहिल्या केंद्रावर अ‍ॅप लावलं त्या दिवशी पहाटे पावणेसहाला आम्ही हजर. बाहेर किटल्या आणि कॅनची रांग. केंद्रचालकाचा हात ओला, एक डोळा फॅट मशीनवर. माणूस टेबलापर्यंत यायच्या आत तो त्याचा कोड नंबर पाठ म्हणायचा, ‘एकशे बेचाळीस’, आणि जुन्या काळ्या डब्यावर तीन बटणं दाबली की पावती बाहेर. आमच्या अ‍ॅपमध्ये नाव शोधायला यादी सरकवावी लागायची. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नव्हती. एका माणसामागे बारा सेकंद जास्त लागत होते. बारा सेकंद म्हणजे काहीच नाही असं आम्हाला एसीत बसून वाटलं होतं, पण दीडशे जणांना बारा सेकंद म्हणजे अर्धा तास, आणि तोपर्यंत टँकर दारात येऊन उभा.

तेही सुधारलं असतं. कोड नंबरनं नोंद करायची सोय आम्ही आठवड्यात दिली. पण चौथ्या दिवशी एक बाई पावती घेऊन बाजूला थांबल्या आणि गर्दी सरल्यावर हळूच म्हणाल्या, ‘दादा, तो मेसेज बंद करता येतो का?’ मला वाटलं चुकीच्या नंबरवर जात असेल. तर नाही. नंबर बरोबर होता, घरच्या मालकांचाच होता. तीच अडचण होती. दूध काढणार या, केंद्रावर आणून घालणार या, आणि त्यातले थोडे पैसे पोरांच्या वह्यांना, भिशीला बाजूला काढणारही याच. रोजचा आकडा रोज नवऱ्याच्या खिशात वाजायला लागला तर ते थोडेही राहणार नव्हते. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी सात-आठ जणींनी तेच मागितलं. केंद्रचालकालाही मेसेज नकोच होता. उचल आणि पेंडीची कपात तो वहीत मांडायचा आणि त्यावर रोज प्रश्न यावेत अशी त्याची इच्छा नव्हती. म्हणजे जे आमचं वैशिष्ट्य म्हणून आम्ही विकत होतो, ते पैसे देणाऱ्यालाही नको आणि वापरणारीलाही नको.

हे कळायला साडेसात लाख लागायला नको होते. कोड लिहायच्या आधी दोन सकाळी त्या केंद्रावर नुसतं उभं राहायला हवं होतं. काळा डबा तर पहिल्याच मिनिटाला दिसला असता. त्या बाई पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या असं म्हणत नाही, पण दूध कोण घालतं आणि मोबाइल कोणाकडे असतो, एवढं दिसलं असतं.

आता तुमच्या कोटेशनकडे. सहा आठवड्यांत साधारण काय होतं सांगतो. पहिले दोन आठवडे लोकांशी बोलणं आणि बाजारात आधीच काय आहे ते बघणं. मग फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बटणं दाबता येतील असा नमुना करणं, तो काही जणांसमोर ठेवून ते कुठे अडखळतात ते पाहणं. शेवटी पहिल्या आवृत्तीत काय घ्यायचं, काय नाही, तंत्र कोणतं, खर्च किती, वेळ किती याचा हिशेब. हातात येतो साठ-सत्तर स्लाइडचा डेक. यातले शेवटचे दोन आठवडे खरोखर पैसे देण्याजोगे असतात. मधल्या नमुन्यालाही कौशल्य लागतं. पहिले दोन आठवडे मात्र दुसऱ्याला देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पंचवीस वर्षांची एक हुशार मुलगी पुण्याहून येऊन तुमच्याच गावच्या क्लासवाल्यांशी बोलणार, आणि तिला काय कळलं ते तुम्ही पाचव्या स्लाइडवर वाचणार. कान तुमचेच हवेत.

आणि बोलणं म्हणजे ‘असं अ‍ॅप असेल तर वापराल का?’ असं विचारणं नव्हे. आपल्याकडे समोरच्याला नाराज करायचं नाही म्हणून माणूस ‘छान आहे, करा करा’ म्हणतोच, वर चहाही पाजतो. कॉलेज रोडवरचे दहा क्लास निवडा, शक्यतो ओळखीचे नसलेले. सरांना भविष्याबद्दल काही विचारू नका, मागच्या महिन्याचं विचारा. ‘गेल्या महिन्यात कोणाची फी थकली? मग काय केलंत? कोणी फोन केला? काय बोललात?’ आणि सर्वात महत्त्वाचं, ‘ती वही बघू का?’ त्या वहीत तुमचं अर्धं अ‍ॅप आहे. कोणाच्या नावापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह असेल, कुठे ‘दोघी बहिणी, ५०० कमी’ असेल, कुठे ‘वडील वारले, विचारू नये’. असली ओळ वाचली की कळतं, फी भरायची आठवण आपोआप गेली तर काय अनर्थ होईल. माझा अंदाज असा आहे की क्लासवाल्याचं दुखणं हिशेबाचं नाहीच, ते पैसे मागायच्या संकोचाचं आहे, कारण पालक त्याच गल्लीतले असतात. पण हा माझा अंदाज. तुम्ही वही बघा.

दुसरी पायरी, अ‍ॅप नसताना अ‍ॅपचं काम स्वतः करणं. आमच्या धंद्यात याची एक जुनी गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे. १९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न नावाच्या तरुणाला ऑनलाइन बूट विकायचे होते. गोदाम नाही, माल नाही. त्यानं जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून तो जोड पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवला. प्रत्येक जोडामागे तोटा, पण न घालून बघता माणूस बूट विकत घेतो का, या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं आणि ते मिळालं. पुढे तीच कंपनी, झॅपोज, २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतली.

तुम्ही पाच क्लास घ्या. गुगल शीट, एक वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. सरांनी रोज रात्री हजेरीच्या पानाचा फोटो पाठवायचा, बाकी सगळं तुम्ही हातानं. गैरहजर मुलाच्या घरी मेसेज, हप्त्याची आठवण, महिनाअखेरीस सरांना बाकीची यादी. पैसे थेट सरांच्या यूपीआयवर जाऊ द्या, तुमच्या खात्यातून फिरवू नका, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं एक वेगळंच लचांड मागे लागतं. आणि याचे ५०० रुपये महिना आगाऊ घ्या. फुकट अजिबात देऊ नका. फुकट म्हटलं की पाचही क्लास वर्षभर वापरतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. दुसऱ्या महिन्याचे ५०० तुम्ही न मागता किती जणांनी दिले, तो आकडा त्या साठ स्लाइडपेक्षा मोलाचा. पाचातले तीन आले तर पुढे बोलू. एक आला तर त्या एकाकडे जाऊन तो का राहिला ते विचारा, बहुतेक तुम्हाला न सुचलेलंच कारण निघेल.

एक सावधगिरी. ‘पाच लोकांवर चाचणी पुरते’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ते वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नीलसनच्या २००० सालच्या लेखातून आलंय. पाच जण वापरताना पाहिले की अडचणींपैकी सुमारे ८५ टक्के दिसतात, असं त्याचं गणित होतं. पण ते वापरायला सोपं आहे का, एवढ्याबद्दल. लोकांना ही वस्तू हवी आहे का, याच्याशी त्या पाचाचा काही संबंध नाही. शिवाय तुमच्याकडे वापरणारे दोन जातीचे आहेत, सर आणि पालक. दोघांचे पाच वेगळे.

मग सल्लागार कधी घ्यायचा? ही सहा-आठ आठवड्यांची हातमजुरी झाल्यावर, आणि तेव्हाही सगळं पॅकेज नको, तुम्हाला न दिसणारे प्रश्न घेऊन जा. तुमच्या बाबतीत मला तीन दिसतात. एक, मेसेजचा खर्च. पाच क्लासपर्यंत हातानं होतं, पाचशे क्लासला व्हॉट्सअ‍ॅपच्या एपीआयवरून (म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप मेसेज पाठवायच्या सोयीवरून) पाठवायला पैसे पडतात आणि मेसेजचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात. एसएमएसला ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर) नोंदणी हवी. ५०० रुपये महिन्यात हे बसतं का? दोन, तुमचा सगळा डेटा मुलांचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत. त्या तुम्हाला, म्हणजे क्लासला नव्हे तर क्लासला अ‍ॅप देणाऱ्याला, कितपत लागू पडतात हे जाणकाराकडून लेखी घ्या. तीन, पहिल्या आवृत्तीतून काय काय काढून टाकायचं. हे स्वतःला जमत नाही, स्वतःचं पोर कोणाला जड वाटतं? एवढ्याला दोन आठवडे पुरतात.

आणि निवडताना पहिला प्रश्न हा विचारा, ‘पुढे अ‍ॅपही तुम्हीच बनवणार का?’ सोनारानं कान टोचलेले बरे, हे खरं. पण त्याच सोनाराच्या काउंटरवर झुमके मांडलेले असतील तर तो टोचणारच. डिस्कव्हरीचे ४ लाख घेऊन पुढच्या २० लाखांचं काम सोडणारी कंपनी विरळा. दुसरा प्रश्न, ‘गेल्या वर्षी किती जणांना हे करू नका म्हणून परत पाठवलंत?’ नावं नकोत, कारणं सांगा म्हणावं. मला स्वतःला हा प्रश्न दोनदाच विचारला गेलाय. एकदा माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते काम मला मिळालं नाही, बरोबरच झालं.

कराराचं एक कलम मात्र आजच लिहून ठेवा, डेव्हलपरबरोबर सही कराल तेव्हाही कामी येईल. पैसे तुम्ही दिले म्हणून डिझाइन आणि कोड आपोआप तुमचे होतात असं नाही. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचे हक्क तुमच्या नावे लेखी करून घ्यावे लागतात. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९ : करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ एवढे दोन शब्द हवेत. फिग्माच्या मूळ फाइल आणि मुलाखतींची रेकॉर्डिंगही त्यात घाला. नुसती पीडीएफ हातात टेकवून मोकळे होणारे मी पाहिलेत.

राहिला तुमचा ९ लाखवाला डेव्हलपर. त्याला नाही म्हणू नका, थांबायला सांगा. ‘जूनच्या अ‍ॅडमिशनआधी अ‍ॅप हवंच’ म्हणून तो घाई करेल. पण जूनमध्ये फी मागावी लागत नाही, तेव्हा पालक स्वतःहून भरतात. वसुलीचा घोळ दुसऱ्या हप्त्याला होतो, दिवाळीच्या मागेपुढे. शीटवरचा तुमचा पहिला महिना तोच धरा.