एअर गार्डमधील ‘ड्युअल स्टेटस’ टेक्निशियनची नोकरी स्वीकारावी का?

आपण अमेरिकी नागरिक आहात, तीन वर्षांपासून एअर नॅशनल गार्डमध्ये (अमेरिकी राज्यांच्या राखीव हवाई दलात) महिन्यातील एक शनिवार-रविवार आणि वर्षातील दोन आठवडे देता, आणि एरवी एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये मेकॅनिक म्हणून काम करता. आता आपल्याच विंगने पूर्णवेळ ‘ड्युअल स्टेटस’ टेक्निशियनची, म्हणजे एकाच वेळी नागरी कर्मचारी आणि गार्डचा सैनिक असण्याची, जागा देऊ केली आहे. पगार थोडा कमी आहे, पण नोकरी सरकारी आहे. घरचा आरोग्य विमा ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्टचा, म्हणजे राखीव सैनिकांसाठीच्या लष्करी योजनेचा, आहे, पत्नीला सहावा महिना आहे आणि आईवडील नाशिकला असतात. अशा वेळी ही जागा घ्यावी का, असे आपण विचारले आहे. केसी-१३५ या इंधनवाहू विमानांच्या एका गार्ड विंगमध्ये याच प्रकारच्या जागेवर मी सोळा वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की या नोकरीकडे ‘सरकारी नोकरी आणि जोडीला गार्ड’ अशा नजरेने पाहू नये. येथे मूळ गार्ड आहे आणि नोकरी त्याच्या आधाराने उभी आहे. १९६८ च्या नॅशनल गार्ड टेक्निशियन कायद्याने या कामगारांना १ जानेवारी १९६९ पासून संघराज्य सरकारचे नागरी कर्मचारी ठरवले, पण त्याच कायद्यात अट घातली की टेक्निशियनने गार्डचा सदस्य राहिले पाहिजे, त्या जागेसाठी ठरवलेला लष्करी हुद्दा धारण केला पाहिजे आणि काम करताना त्या हुद्द्याचा गणवेश घातला पाहिजे. गार्डमधील सदस्यत्व कोणत्याही कारणाने संपले, की राज्याच्या अ‍ॅडज्युटंट जनरलला (राज्यातील गार्डच्या प्रमुखाला) आपल्याला नोकरीतूनही कमी करावे लागते. तेथे दयामाया दाखवायला कायद्याने जागा ठेवलेली नाही. आपल्याकडच्या प्रादेशिक सेनेत, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या १०९ टीए बटालियनमध्ये, भरती होणाऱ्याचा स्वतःचा कामधंदा बाहेर असावा लागतो आणि लष्कर त्या धंद्यात लक्ष घालत नाही. आपल्याला देऊ केलेल्या जागेत हे नाते नेमके उलटे आहे, हे नाशिकच्या मंडळींनाही समजावून सांगावे लागेल.

हे दुपदरी जगणे रोजच्या कामात कसे जाणवते ते सांगतो. शुक्रवारी दुपारी मी ज्या इंजिनाच्या आवरणाचे बोल्ट ठरलेल्या बलाने आवळत असे, त्याच इंजिनाखाली शनिवारी सकाळी मी पुन्हा उभा असे. गणवेश तोच, टॉर्क रेंच तोच आणि त्याची हत्यारपेटीतील फोममध्ये कापलेली खाचही तीच. दिवस संपताना ती खाच रिकामी दिसली तर हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नसे, मग वार कोणताही असो. पण एका शुक्रवारी मी स्टँडच्या शेवटच्या पायरीवरून घसरलो आणि कंबर धरली, तेव्हा माझे प्रकरण मजूर खात्याच्या कामगार भरपाईकडे गेले, कारण शुक्रवारी मी नागरी कर्मचारी होतो. तीच पायरी मी वीस तासांनी चुकलो असतो तर ते लष्करी सेवेतील दुखापतीचे प्रकरण झाले असते. फॉर्म वेगळे, डॉक्टर वेगळे आणि पुढील हक्कही वेगळे. आठवड्यातील टेक्निशियनचे काम सक्रिय लष्करी सेवेत धरले जात नाही, त्यामुळे जीआय बिलच्या शिक्षणलाभासाठी किंवा माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या सवलतींसाठी ती वर्षे मोजली जात नाहीत. अंगावर रोज गणवेश असल्याने पुष्कळ तरुणांची येथे गफलत होते. हा गुंता सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की टेक्निशियनच्या कामाचे निवृत्तिवेतन हे लष्करी सेवेचे नव्हे, तर नागरी नोकरीचे आहे, आणि २०२३ मध्ये ओहायोच्या प्रकरणात ठरवले की या टेक्निशियनांना कामावर ठेवताना राज्याचे गार्ड संघराज्य सरकारची एजन्सी म्हणूनच वागत असते.

आता धोक्याकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. माझ्या शेजारच्या बाकावर काम करणारा एक सहकारी, हायड्रॉलिक्समधील त्याच्याइतका जाणकार मी पाहिलेला नाही, चाळिशीनंतर मधुमेहामुळे लष्करी वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला. नागरी कामगार म्हणून तो पूर्वीइतकाच उत्तम काम करत होता. विमानाला त्याच्या साखरेशी काही देणेघेणे नव्हते. तरीही त्याचे सदस्यत्व संपले आणि त्यासोबत नोकरीही संपली. एक दिलासा मात्र कायद्यात आहे: लष्करी वैद्यकीय निकषांमुळे अशी जागा गमावलेल्या आणि सरकारमध्ये दुसरी जागा न मिळालेल्या टेक्निशियनला, किमान १८ महिन्यांची नागरी सेवा झाली असेल तर, अपंगत्व निवृत्तिवेतन मागता येते. त्याने ते मागितले आणि त्याला ते मिळालेही, पण पूर्ण पगाराची जागा त्याने भरून निघाली नाही. शारीरिक क्षमतेच्या चाचणीत वारंवार नापास होणे, पुढील करारावर सही न करणे, किंवा वीस वर्षांची सेवा झाल्यानंतर सेवेत ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाने निवड न करणे, हे सगळे रस्ते याच दारापाशी येतात. विमान कंपनीत गुडघा दुखत असला तरी कोणी मैल-दोन मैल पळायला लावत नाही.

पगाराचा हिशेब करताना एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे, ती आपण करू नये. ड्रिलच्या, म्हणजे गार्डच्या मासिक सरावाच्या, एका शनिवार-रविवारचे चार दिवसांचे मूळ वेतन मिळते, आणि लोक ते टेक्निशियनच्या पगारात मिळवून एकूण आकडा विमान कंपनीच्या पगाराशी ताडून पाहतात. पण आपण आज विमान कंपनीत राहूनही ड्रिलचे पैसे घेतच आहात; ते दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, म्हणून तुलनेतून वगळा. दुसरे असे की टेक्निशियनला जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, त्याऐवजी तेवढ्या तासांची भरपाई रजा मिळते. आपल्या सध्याच्या कमाईत ओव्हरटाइमचा वाटा मोठा असेल तर कागदावर ‘थोडा कमी’ दिसणारा पगार प्रत्यक्षात बराच कमी ठरेल. शिवाय गार्डमध्ये भरती होताना बोनसचा करार केला असेल तर तो काढून वाचा, कारण अशा करारांत बहुधा अट असते की कायम टेक्निशियनची नोकरी घेतल्यास पुढील हप्ते थांबतात. आणि हो, ड्रिलचा आठवडा आला की सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवार-रविवार ड्रिल आणि पुन्हा सोमवार ते शुक्रवार नोकरी, असे सलग बारा दिवस कामाचे होतात. घरात तान्हे मूल असताना हे बारा दिवस फार लांब वाटतात. आमच्या घरी ते कोणी सोसले हे मला चांगले ठाऊक आहे.

नोकरीच्या बाजूचे पारडेही जड आहे. सरकारी निवृत्तिवेतनासाठी पाच वर्षांची नागरी सेवा पुरे असते, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला, सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीचा एक टक्का या दराने ते वाढत जाते. समजा ती सरासरी ७०,००० डॉलर आली आणि सेवा २५ वर्षांची झाली, तर वर्षाला १७,५०० डॉलर होतात. नव्याने लागणाऱ्यांच्या मूळ पगारातून त्यासाठी ४.४ टक्के कापले जातात. त्याशिवाय थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती-बचत योजनेत आपण पाच टक्के भरले तर सरकारही पाच टक्के भरते. गार्डचे वीस वर्षांच्या सेवेनंतर साधारण साठीला सुरू होणारे निवृत्तिवेतन वेगळे. एकाच माणसाला, एकाच हँगरमध्ये राहून, दोन निवृत्तिवेतने उभी करता येतात, आणि हे मी कमी लेखत नाही. तैनातीवर पाठवले तर जागा राखून ठेवली जाते, आणि परत आल्यावर त्या सक्रिय सेवेचा काळ मूळ लष्करी वेतनाच्या तीन टक्के भरून नागरी निवृत्तिवेतनात जोडून घेता येतो. हे तीन टक्के लवकर भरावेत, कारण पुढे त्यावर व्याज चढू लागते. नोकरी पुरती निर्धोक आहे असेही नाही: ऑक्टोबर २०१३ मध्ये संघराज्य सरकारचे कामकाज १६ दिवस बंद पडले तेव्हा गार्डच्या हजारो टेक्निशियनांना घरी बसवले होते, आणि महिन्याअखेर हातात काय येईल हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

नेमणुकीच्या जाहिरातीत एक शब्द शोधा. जागा ‘पर्मनंट’ आहे की ‘इनडेफिनिट’? दुसऱ्या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ ‘बेमुदत’ असल्याने तो ऐकायला बरा वाटतो, पण अशी जागा बहुधा तैनातीवर गेलेल्या कोणाच्या तरी बदली असते आणि तीस दिवसांच्या नोटिशीने संपू शकते. तशी जागा असेल तर विमान कंपनीतील ज्येष्ठता सोडून ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच त्या जागेला कोणकोणते हुद्दे चालतात हेही विचारा. हाताखालच्या माणसाचा हुद्दा वरिष्ठापेक्षा मोठा असणे येथे चालत नाही, त्यामुळे नागरी बढती आली तरी तिला जुळणारी लष्करी जागा रिकामी नसेल तर थांबावे लागते, आणि लष्करी बढती आली तर कधी नोकरीची जागाच बदलावी लागते.

नाशिकच्या बाबतीत एक मुद्दा आपण तपासला आहे का, हे प्रश्नावरून कळले नाही. भारत सरकारच्या नियमांप्रमाणे परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळण्याचा हक्क नाही. गार्डमध्ये सही केली तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला, तो टेक्निशियनच्या जागेने निर्माण केलेला नाही; पण या जागेमुळे आपण गार्डमध्ये वीस-पंचवीस वर्षे बांधले जाल, आणि तेवढी वर्षे प्रत्येक भेटीसाठी व्हिसा काढावा लागेल, शिवाय परदेश प्रवासाची परवानगी युनिटकडून आधी घ्यावी लागेल. वडील आजारी आहेत असा रात्री फोन आला तर सकाळच्या विमानात बसता येईलच असे नाही. मी स्वतः आईच्या शेवटच्या आजारात मिरजेला पाच दिवस उशिरा पोहोचलो. पत्नीचा आणि मुलाचा ओसीआयचा प्रश्न आपल्यापासून वेगळा राहतो, त्यांचे अर्ज वेळेत करून ठेवावेत.

या सगळ्यानंतर माझे मत असे आहे. ही नोकरी आली नसती तरीही आपण गार्डमध्ये वीस वर्षे पूर्ण करणार होता का, हा प्रश्न आधी स्वतःला आणि मग पत्नीला विचारा. उत्तर मनापासून होकारार्थी असेल, जागा कायम असेल आणि ओव्हरटाइम वजा करूनही घर चालत असेल, तर घ्या. आपल्या वयाच्या मेकॅनिकला याहून भक्कम पाया सहसा मिळत नाही. पुढील करार संपला की गार्ड सोडायचे असे मनात कोठेतरी असेल, तर घेऊ नका, कारण त्या दिवशी दोन्ही पगार एकदम थांबतील.

घेण्याचे ठरले तर सही करण्यापूर्वी आरोग्य विम्याचे पाहा. संघराज्य कर्मचाऱ्यांच्या विम्याला आपण पात्र ठरलात, की तो घेतला नाही तरीही ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्टचा हक्क जातो. २०१९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने ही आडकाठी उठणार आहे, पण ती २०३० पासून. नव्या विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरते, तरी आपल्या वाट्याला येणारा भाग आताच्या हप्त्यापेक्षा बहुधा जास्त असेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा विमा रुजू होताक्षणी लागू होत नाही. फॉर्म कार्यालयात पोहोचल्यानंतर सुरू होणाऱ्या पगाराच्या पंधरवड्यापासून तो लागू होतो. म्हणून फॉर्म पहिल्याच दिवशी द्या, जुना विमा कोणत्या तारखेला संपतो आणि नवा कोणत्या तारखेला सुरू होतो हे मनुष्यबळ कार्यालयाकडून लेखी मागा, आणि मधे दिवस मोकळे राहत असतील तर विमान कंपनीच्या विम्याने ते भरून निघतात का, हे राजीनामा देण्याच्या आधी विचारून घ्या. पत्नीच्या डॉक्टरांचे आणि प्रसूतीच्या रुग्णालयाचे नाव नव्या योजनेच्या यादीत आहे का, तेही याच आठवड्यात पाहावे.