कोरोनात टीव्ही चॅनलांनी जेलमधल्या कैद्यांच्या तब्येतीच्या बातम्या नीट दाखवल्या का?

नाही दाखवल्या. २०२० ला माझा धाकटा भाऊ आत होता म्हणून सांगते. भांडणाची केस, निकाल लागलेला नव्हता, नुसत्या तारखा पडायल्या होत्या.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले. लॉकडाऊन लागलं, मुलाखती बंद झाल्या, मग आई दिवसभर टीव्हीसमोर. मराठी चॅनल मुंबईचे, त्यांना सीमाभाग आठवतो १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला नाहीतर इलेक्शनला, आणि कन्नड बातम्या आईला कळत नाहीत, मग खालची पट्टी मी शाळेतल्या कानडीवर वाचून तिला सांगायची. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड जेलची बातमी आली, ८०० च्या जागेत अडीच हजारांवर माणसं आणि शंभरावर पॉझिटिव्ह, तवा आईनं दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. बातमीत दाखवायचे काय तर गज धरलेला एक हात, दिवसभर तोच. आई म्हणाली, "ह्याच्या हातात घड्याळ आहे की गं, आत घड्याळ देतात होय?"

त्यातच 'कैदी मोकाट' असली पट्टी बघून माझ्या थोरल्या भावजींचा फोन, "चोर-दरोडेखोर सगळे सोडायलेत, तुमचा पण येईल की आता." सगळे नव्हते सोडत. २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं प्रत्येक राज्याला समिती नेमायला सांगितली, ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातल्यांना पॅरोल नाहीतर तात्पुरता जामीन देता येईल का ते ठरवायला. कारण जेलं क्षमतेच्या ११७ टक्के भरलेली, तिथं अंतर ठेवणार कुठं? हे कारण आमच्या घरात वकिलांकडून कळलं, टीव्हीवरून नाही. आत डॉक्टर किती, टेस्ट किती झाल्या, ताप आलेल्याला कुठं ठेवतात, हे विचारायला काय जात होतं?

भीमा कोरेगाव केसमध्ये आत असलेले आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी, हात थरथरतात म्हणून त्यांनी पाणी प्यायला स्ट्रॉ मागितली, ती बातमी गाजली, गाजायलाच पाहिजे होती, ८४ वर्षांचा पार्किन्सन्सचा माणूस, ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच हॉस्पिटलात वारले. पण ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही त्यांचं काय? हां, रिपोर्टरांना आत सोडत नव्हते हे खरं, आणि काही पेपरवाल्यांनी चांगलं लिहिलं, मी सगळे चॅनल बघितलेत असंही नाही.

भाऊ जूनमध्ये तात्पुरत्या जामिनावर आला. कोरोना नव्हता, पण बोटांच्या बेचक्यात, कमरेला सगळीकडं खरूज, एका घोंगडीवर दोघं-दोघं झोपून झालेली. पंधरा दिवस माडीवर वेगळा ठेवला, आई कडुलिंबाचं पाणी तापवून जिन्यावर ठेवायची. भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका, मुदत संपली त्या दिवशी तो स्वतः पिशवी भरून, माझ्या नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून जेलच्या दारात हजर झाला.